चौथा रात्रपाळीला

वरच्या डेकचे दहा रुपये जास्त,
म्हणून नाना खालीच बसले.
खरं कारण इंजीन होतं, आईला ते ठाऊक होतं.
छत्तीस वर्षं माझगाव गोदीत फिटर,
जहाजं पाण्यात सोडली, नारळ फुटताना टाळ्या वाजवल्या,
पण त्यातल्या एकावरही बसून
नाना कुठे गेले नाहीत.
गेटवेच्या पायऱ्यांवर लाट येऊन गेली
तेव्हा त्यांनी चपला काढून हातात घेतल्या.

वर आम्ही:
जयेंद्र, रेवती, मांडीवर डबा घेऊन आई,
आणि निमिष, ज्याला दूरची प्रत्येक बोट
आपल्याच अंगावर येतेय असं वाटत होतं.
कुणी पक्ष्यांना गाठ्या फेकत होतं,
कुणी ओरडत होतं, फेकू नका.
आधी ताजच्या खिडक्या विरघळल्या, मग ताज,
मग शहराची नुसती राखाडी रेघ,
जिच्यात आमची खोली
आईने तिघांना तीन वेगळ्या ठिकाणी दाखवली.

मी जिन्यातून वाकून पाहिलं.
नाना डोळे मिटून, तळवा फळीवर.
"दुसरा सिलिंडर अडखळतोय,"
शेजारणीला बरं नाही, असं सांगावं तसं म्हणाले.

घारापुरी. धक्क्यावर खेळण्यातली गाडी,
पंचायतीचा कर, मग पायऱ्या,
दोन्हीकडे निळी ताडपत्री, तिच्या उजेडात
माळा, दगडी हत्ती आणि आम्हीसुद्धा निळे.
साठाव्या पायरीवर आईने जाहीर केलं
की तिचा देव इथेच आहे,
आणि पोवळ्यांच्या माळेचा भाव पाडायला बसली.
माकडाने रेवतीच्या हातातली काकडी नेली,
तिखटमीठ लावलेली.
एक चावा घेऊन आमच्याकडे असं पाहिलं
की बिघडलं ते आमच्या हातूनच.

लेण्यात गार. डोळे सरावेपर्यंत खांबच खांब,
मग ती तीन मुखं, एवढी मोठी
की जयेंद्रने मोबाइल काढला आणि परत ठेवला.
आई शेवटी आलीच, माळ घालून, धापा टाकत.
निमिषने मोजलं. एक, दोन, तीन.
"चौथं कुठेय?"
गाईड दुसऱ्या घोळक्यात होता.
नाना थोडे वाकले, दगडाचा आवाज ऐकावा तसे.
"चौथा रात्रपाळीला असेल."
आम्ही हसलो. आई हसली नाही.

परतीला, बुचर आयलंडच्या अलीकडे
इंजीन बंद पडलं.
आवाज गेला तेव्हा कळलं समुद्र किती आहे ते.
कुणी रामरक्षा सुरू केली, कुणी रेंज शोधू लागलं,
रेवतीने निमिषच्या जॅकेटचा बंद
तिसऱ्यांदा आवळला.
नाना केव्हाच उतरले होते.
फळी उघडी, आणि त्या चौकोनात
फक्त त्यांची पाठ, शर्ट घामाने चिकटलेला.
लहानपणी ती दिवसा झोपलेली असायची,
आणि आम्ही पत्त्यांमधली भांडणंही
कुजबुजत करायचो.

दिलावर नावाचा खलाशी पोरगा,
अजून मिसरूडही न फुटलेला,
"चाचा, जरा सरका," म्हणाला.
तोंडाने डिझेल ओढलं, थुंकला,
जुन्या चपलेचं रबर कापून वायसर केला,
आणि इंजीन खोकत खोकत लागलं.
वरून टाळ्या पडल्या. कोणासाठी, कुणालाच माहीत नव्हतं.

नाना वर आले, दहा रुपये न देता.
काळे हात अंगापासून लांब धरून बसले.
"सिलिंडर नव्हताच. डिझेलमध्ये हवा होती."
चुकल्याचा इतका आनंद झालेला माणूस
मी आधी पाहिला नव्हता.
आईने पदर पुढे केला, मग विचार बदलून
डब्याखालचं वर्तमानपत्र दिलं.
निमिष त्यांच्या मांडीवर झोपला,
त्याच्या पांढऱ्या टोपीवर
ग्रीसची चार बोटं उमटली.
रेवतीने ती पुढे दोनदा धुतली. तिसऱ्यांदा नाही.

दिवे लागत होते, आधी गोदीतले.
"ती क्रेन," नाना म्हणाले, "डावीकडून दुसरी.
तिथून हे सगळं उलटं दिसायचं."